ओव्हल मैदानाची वारसाफेरी

मुंबईतील एका स्थानिक वारसा-संवर्धन गटाची ओव्हल मैदानाभोवतीची पायी फेरी मी नुकतीच केली. पूर्वेला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाच्या व्हिक्टोरियन गॉथिक (टोकदार कमानी-मनोऱ्यांच्या ब्रिटिशकालीन शैलीतील) वास्तू, पश्चिमेला आर्ट डेको (विसाव्या शतकातील भौमितिक नक्षीच्या शैलीतील) इमारतींची रांग. युनेस्कोने २०१८ मध्ये या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, हे सर्वांना ठाऊक असते. या फेरीचे खरे मोल मात्र एका लोखंडी फाटकाशी कळले. मार्गदर्शक ताईंनी त्यावरील उगवत्या सूर्याच्या किरणांची नक्षी आम्हाला हाताने चाचपायला लावली आणि लगेच शेजारच्या इमारतीत मूळ जाळीच्या जागी बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या दाखवल्या. वारसा नियमावलीनुसार अशा बदलांना परवानगी कधी लागते आणि रहिवाशांनी हरकत कशी नोंदवावी, हेही त्यांनी सविस्तर समजावले.

उणीव एकच, पण मला ती फार लागली. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत होते, त्यामुळे “काय बघताय?” असे आपुलकीने विचारणाऱ्या तिथल्या पहारेकरी काकांच्या हाती ठेवायला गटाकडे काहीच नव्हते. मराठी पत्रक त्यांनी तातडीने काढावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.