केवाय-०४०, सुटा ईसी११ की चुंबकी एएस५६००: नॉबसाठी काय घ्यावं?

नॉबसाठी पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलायचा रेझिस्टर, थोडक्यात पॉट) लावावा की एन्कोडर (कितीही गोल फिरणारा आणि फिरवल्याचे सिग्नल देणारा), हा प्रश्न पॅनेलवर मेन्यू आला की आपोआप निकालात निघतो. मेमरीतून १२ व्होल्टची सेटिंग परत आली आणि पॉटची खूण मात्र ५ वरच, असला प्रकार कोणालाच नको असतो. म्हणून कारचा स्टिरिओ, ऑसिलोस्कोप, ३डी प्रिंटरचा डिस्प्ले, इतकंच काय, माउसचं चाकसुद्धा एन्कोडरवर चालतं. खरा प्रश्न पुढचा आहे: कोणता घ्यायचा? बेंच पॉवर सप्लाय, छोटा सिंथ, सोल्डरिंग स्टेशन असलं काही करणाऱ्यासमोर साधारण तीन पर्याय येतात: तयार केवाय-०४० मॉड्यूल, बॉर्न्स (पीईसी११आर) किंवा अल्प्सचा (ईसी११) सुटा ११ मिमी एन्कोडर, आणि चुंबकावर चालणारी एएस५६०० चिप. ए आणि बी हे सिग्नल ९० अंशांनी मागेपुढे असतात आणि आधी कोण बदललं यावरून दिशा कळते, एवढं माहीत आहे असं धरून पुढे जातो.

केवाय-०४०ची जमेची बाजू उघड आहे. स्वस्त, कुठेही मिळतो, पाच पिनांना जंपर लावले की काम सुरू. पहिल्या संध्याकाळी कोड जमवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण त्याच्या पाठीमागचा बोर्ड उलटून पाहा. सीएलके आणि डीटी (म्हणजेच ए आणि बी) या दोन पिनांना १० किलोओहमचे पुल-अप, म्हणजे संपर्क उघडा असताना पिन सप्लायकडे ओढून धरणारे रेझिस्टर, असतात. एसडब्ल्यूच्या, म्हणजे दाबायच्या बटणाच्या, पुल-अपची जागा मात्र बहुतेक मॉड्यूलवर रिकामीच सोडलेली असते. कोडमध्ये आतला पुल-अप चालू केला नाही तर बटण न दाबताच दाबल्यासारखं वागतं.

दुसरी गोम + पिनेची. मायक्रोकंट्रोलरचे आतले पुल-अप वापरतोय ना, मग + कशाला जोडायची, असा विचार करून अनेक जण ती मोकळी ठेवतात. मग ते दोन १० किलोओहमचे रेझिस्टर सीएलके आणि डीटीला २० किलोओहममधून एकमेकांशी बांधून टाकतात. अर्डुइनो ऊनोवर आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा असतो. मधला ३५ धरला, तर सीएलके शून्यावर गेल्यावर मोकळ्या डीटीवर ५ व्होल्टऐवजी साधारण १.८ व्होल्ट दिसतात. चिप १.५ च्या खाली शून्य मानते आणि ३ च्या वर एक, त्यामुळे १.८ धड इकडेही नाही आणि तिकडेही नाही. ‘कधी चालतं, कधी नाही’ अशा तक्रारींमागे बऱ्याचदा एवढंच असतं. उलट ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलरवर सवयीने + ला ५ व्होल्ट दिले, तर तेच पुल-अप ३.३ व्होल्टच्या पिनवर ५ व्होल्ट नेऊन ठेवतात. तिथे + नेहमी ३.३ ला.

हे सगळं दहा मिनिटांत निस्तरता येतं, त्यामुळे मॉड्यूल बाद करण्याचं कारण हे नव्हे.

माझ्यापुरतं निर्णायक ठरलं ते वेगळंच: बोटाला एक खटका लागतो आणि पडद्यावरचा आकडा त्याच्याशी जुळत नाही. कधी एका खटक्यात दोन घरं पुढे, कधी दोन खटक्यांनंतर एक. त्याहून वैताग म्हणजे सुरुवातीला सगळं जुळतं आणि दहा मिनिटांनी आकडा खटक्याच्या मधोमध बदलायला लागतो. नॉबला नुसतं बोट टेकलं तरी १२.१ चं १२.२ होतं.

यामागे दोन कारणं आहेत. पहिलं, खटके आणि पल्स यांचं गणित सगळ्या नगांत एकच नसतं. एका पल्समध्ये चार पायऱ्या येतात: दोन्ही उघडे, एक बंद, दोन्ही बंद, दुसरा बंद, आणि परत दोन्ही उघडे. २० खटके आणि २० पल्सच्या नगात प्रत्येक खटक्याला या चारही पायऱ्या पार होतात. ३० खटके आणि १५ पल्सच्या नगात दोनच, म्हणजे नॉब एका खटक्यावर ‘दोन्ही उघडे’ आणि पुढच्यावर ‘दोन्ही बंद’ असा थांबतो. केवाय-०४०च्या नावाखाली हे दोन्ही मिळतात, आणि बाहेरून ते जुळ्या भावांसारखे दिसतात. एकावर बसवलेला कोड दुसऱ्यावर चुकणारच. ३डी प्रिंटरच्या मार्लिन फर्मवेअरमध्ये ‘एन्कोडर पल्सेस पर स्टेप’ ही सेटिंग त्यासाठीच दिलेली आहे: एकाला ४, दुसऱ्याला २. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात आणखी एक गोष्ट जाचते. नॉब ‘दोन्ही बंद’ वर थांबला की १० किलोओहमच्या पुल-अपमधून ३.३ व्होल्टला प्रत्येकी ०.३३ मिलिअँपिअर वाहत राहतो, यंत्र झोपलेलं असलं तरी.

दुसरं कारण बाउन्स, म्हणजे संपर्काची थरथर. बॉर्न्सच्या पीईसी११आरची डेटाशीट मिनिटाला १५ फेऱ्यांच्या वेगाने जास्तीत जास्त ५ मिलिसेकंद बाउन्स सांगते. आता हिशेब करा. २४ पल्सचा नॉब सेकंदाला दोन फेऱ्यांनी झटकला, तर सेकंदाला १९२ पायऱ्या होतात, म्हणजे एका पायरीला जेमतेम ५ मिलिसेकंद. अशा वेळी शिकवणीच्या कोडमधला ‘बदल दिसला की ५० मिलिसेकंद थांबा’ हा उपाय दहा-दहा पायऱ्या गिळतो. आणि एकूण मोजणीला चाराने भागणारा कोड असेल, तर एक जरी पायरी निसटली तरी तिथून पुढे आकडा बदलण्याची जागा खटक्यावरून सरकते, ती यंत्र बंद करेपर्यंत तशीच.

उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि छोटा आहे. टायमरने दर १ मिलिसेकंदाला ए आणि बी वाचायचे. जुनी अवस्था दोन बिट, नवी दोन बिट, मिळून चार बिटांचा अनुक्रमांक. त्यावरून १६ घरांचा तक्ता: ०, -१, १, ०, १, ०, ०, -१, -१, ०, ०, १, ०, १, -१, ०. अशक्य उड्यांना शून्य मिळतं, आणि थरथर +१, -१ अशी आपसांत कटते. ही बेरीज साठवत जायची, पण निर्णय घ्यायचा तो फक्त ‘दोन्ही उघडे’ या विसाव्याच्या अवस्थेत: बेरीज २ किंवा जास्त असेल तर आकडा एकने वर, उणे २ किंवा कमी असेल तर एकने खाली, आणि दोन्हीकडे बेरीज शून्य करून टाकायची. त्यामुळे निसटलेल्या पायरीची चूक त्याच खटक्यात मिटते, पुढे साचत नाही. अर्ध्या पल्सच्या (एका खटक्याला दोनच पायऱ्या देणाऱ्या) नगाला हाच निर्णय ‘दोन्ही बंद’ वरही घ्यावा लागतो, आणि बेरीज दोनच्या वर जायची शक्यता नसल्याने तिथे चूक पोटात घालायला जागा उरत नाही. इथेच माझं पारडं एका खटक्याला पूर्ण पल्स देणाऱ्या नगाकडे झुकतं.

मग तसा केवाय-०४० शोधून का घेऊ नये? जरूर घ्यावा, मिळाला तर. दुकानात मल्टिमीटर सोबत असेल तर ओळखायला अर्धा मिनिट पुरतो. कंटिन्युइटीवर (जोडणी असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून एक टोक सीएलकेला, दुसरं जीएनडीला, म्हणजे ग्राउंडला. नॉब एकेक खटका हळू फिरवा. प्रत्येक खटक्याच्या वाटेत मीटर एकदा वाजून थांबल्यावर गप्प होत असेल, तर पूर्ण पल्सचा. एका खटक्यावर सतत वाजत राहतो आणि पुढच्यावर गप्प, असं असेल तर अर्ध्याचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत नावगाव नसलेले सुटे एन्कोडर मिळतात, त्यांनाही हीच परीक्षा लागू. तिथे मधली पिन कॉमन आणि बाजूच्या दोन ए आणि बी. समोरच्या बाजूच्या दोन पिना बटणाच्या.

सुट्या एन्कोडरमध्ये थोडं जास्त काम आहे, हे कबूल. पॅनेलला साधारण ७ मिमीचं भोक, शाफ्ट डी-आकाराचा की दातेरी ते पाहून नॉब, आणि थरथर छाटणारा फिल्टर स्वतः बसवायचा. बॉर्न्सने सुचवलेला फिल्टर सोपा आहे: ए आणि बी प्रत्येकाला १० किलोओहमचा पुल-अप, तिथून १० किलोओहम मालिकेत, आणि चिपच्या बाजूला ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला. यात उतरती कड साधारण ०.१ आणि चढती ०.२ मिलिसेकंद घेते. म्हणजे हा फिल्टर बारीक काटेच छाटतो, उरलेली थरथर तक्ता सांभाळतो. ‘मोठा कपॅसिटर म्हणजे जास्त शांतता’ या समजुतीने १ मायक्रोफॅरड लावला तर चढत्या कडेला २० मिलिसेकंद लागतात आणि जोरात फिरवलेला नॉब ठार मुका होतो. मालिकेतला रेझिस्टर गाळून कपॅसिटर थेट संपर्कावर टाकण्याचा मोहही टाळावा. भरलेला कपॅसिटर प्रत्येक वेळी संपर्कातूनच शॉर्ट होतो, आणि तो संपर्क १० मिलिअँपिअरसाठी बनवलेला आहे.

सोल्डर झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुण्याची सवय असेल तर एन्कोडर सगळ्यात शेवटी लावा. विरघळलेला फ्लक्स शाफ्टच्या कडेने आत उतरतो, आणि नवाकोरा नग जुन्यासारखा वागू लागतो.

टिकण्याचं काय? पीईसी११आरला किमान ३०,००० फेऱ्या, अल्प्सच्या ईसी११ला १५,०००, असं डेटाशीट सांगतात. दिवसाला २० फेऱ्या धरल्या तर अनुक्रमे चार वर्षं आणि दोन वर्षं. घरातल्या यंत्राला कोणी रोज इतकं फिरवत नाही. झिजल्याचं लक्षण माउसच्या चाकावर सगळ्यांनी पाहिलंय: खाली स्क्रोल करताना पान मध्येच वर उडी मारतं. निनावी नगात ही उडी लवकर येते असा माझा अनुभव आहे, पण तो हाताला जाणवलेला, मोजलेला नाही. एखाद्याचा निनावी नग वर्षानुवर्षं चाललाही असेल.

आता एएस५६००. कागदावर हा सरळ जिंकतो. संपर्कच नाहीत, त्यामुळे बाउन्स नाही आणि झीज फक्त बेअरिंगची. एका फेरीत ४०९६ जागा, आणि वीज गेली तरी परत आल्यावर शाफ्ट कुठे उभा आहे ते लगेच कळतं. अँटेनाचा रोटेटर, वातकुक्कुट, मोटरचा शाफ्ट, असं काही करायचं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, हाच घ्या. फक्त चुंबक व्यासावर ध्रुव असलेला हवा, ६ मिमी व्यासाचा, चिपपासून अर्धा ते ३ मिमीवर. नेहमीच्या गोल चुंबकाचे ध्रुव सपाट तोंडांवर असतात. तो कितीही फिरवला तरी आकडा ढिम्म हलत नाही, आणि दोष चिपला दिला जातो. स्टेटस रजिस्टरमध्ये चुंबक दिसतोय का, फार जवळ आहे का, फार लांब आहे का, हे तिन्ही कळतं. आधी ते वाचावं.

पण हाताने फिरवायच्या नॉबला यात खटकाच नाही. तो सॉफ्टवेअरमध्ये बनवायचा तर ४०९६ ला २४ ने भागल्यावर १७०.६७ येतात, सीमेवर आकडा एखाद-दोन पायऱ्या थरथरतो म्हणून दोन्हीकडे थोडी ढील ठेवावी लागते, आणि ४०९५ वरून ० वर जाताना उलटी उडी लागू नये म्हणून फरक २०४८ पेक्षा मोठा आला की ४०९६ वजा करावे लागतात. एवढं करूनही बोटाला काहीच लागत नाही. डोळे मीटरवर ठेवून व्होल्टेज तीन घरं वाढवायचं म्हटलं तर जमत नाही, पडद्याकडे पाहावंच लागतं. दाबायचं बटण वेगळं बसवायचं. शिवाय आयटूसीवरचा (चिप ज्या दोन तारांवरून बोलते त्यावरचा) पत्ता हेक्साडेसिमल ३६, तोही पक्का, त्यामुळे व्होल्टेज आणि करंटचे दोन नॉब हवे असतील तर एकाच पत्त्याच्या चिपांना आळीपाळीने जोडणारा टीसीए९५४८ए सारखा मल्टिप्लेक्सर आला, नाहीतर पत्ता बदलता येणारी एएस५६००एल.

दिवसभर फिरवायचा मोठा नॉब असेल, हॅम रेडिओच्या ट्यूनिंगसारखा, तर ऑप्टिकलकडे वळावं. फेरीला ६०० पल्सचे औद्योगिक एन्कोडर सहज मिळतात. त्यांचं आउटपुट बहुधा ओपन कलेक्टर (फक्त ग्राउंडकडे ओढणारं) असतं, पुल-अप ३.३ व्होल्टला चालतो. ए किंवा बीची वायर चुकून थेट सप्लायला लागली तर आतला ट्रान्झिस्टर गेलाच.

बाकी मेन्यू आणि सेटिंगच्या नॉबसाठी मी तरी पीईसी११आर-४२२०एफ-एस००२४ घेईन. आकडे ओळखून ठेवले की चुकीचा नग येत नाही: ४ नंतरचा २ म्हणजे २४ खटके, २० म्हणजे शाफ्टची लांबी मिमीमध्ये, एफ म्हणजे एका बाजूने सपाट शाफ्ट (के असेल तर दातेरी), एस म्हणजे बटणासकट, आणि शेवटचे ००२४ म्हणजे पल्स. तिथे ००१२ दिसलं तर खटके २४ आणि पल्स १२, म्हणजे पुन्हा तोच अर्ध्या पल्सचा नग. दिशा उलटी निघाली तर सोल्डर काढू नका, तक्त्यातून आलेल्या आकड्याचं चिन्ह बदला.