मोफत विधी सेवा केंद्र: दंड वेगळा, वकिलाची फी वेगळी

नणंदेच्या स्कूटरवर तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा लायसन्सशिवाय सापडला. कोर्टाबाहेर एकाने ‘सगळं मिटवतो’ म्हणत एकच ठोक रक्कम सांगितली. त्यात दंड किती आणि त्याचे स्वतःचे किती, हे काही सांगेना. मी तिला सरळ आत, आमच्या तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा केंद्रात नेलं.

तिथल्या वकीलबाईंनी कागदावर दोन रकाने पाडले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 181 खाली चालवणाऱ्याला दंड 5,000 रुपये, आणि गाडी त्याच्या हाती दिली म्हणून कलम 180 खाली मालकिणीलाही 5,000. एका चुकीचे दोन दंड कसे, हे नणंदेला तेव्हा कळलं. दंड सरकारजमा होतो, त्याची पावती मागून घ्या, असं त्यांनी बजावलं.

वकिलाची फी? 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. मुलाला मात्र उत्पन्नाचा दाखला लागला. पण मोफत वकील म्हणजे दंड माफ नव्हे, तो ज्याचा त्यालाच भरावा लागतो. हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं, त्यामुळे माझा विश्वास बसला.

एकच उणीव: ही माहिती छापून दारावर लावायला हवी. बाहेर गोंधळून उभ्या असलेल्या बायकांना आत असं काही आहे, हेच ठाऊक नसतं. कोर्टात जाण्याआधी 15100 वर फोन करा, तो विधी सेवेचाच क्रमांक आहे.