ढेकरावर कर लावायचा की खुराक बदलायचा? आधी गाय कुठे खाते ते बघा

पशुपालनातलं उत्सर्जन, म्हणजे हवा तापवणारे मिथेनसारखे वायू, कमी करायला सरकारकडे ढोबळमानाने चार रस्ते आहेत, कर लावा, खुराक बदलायला लावा, शेणाचा गॅस पकडा, नाहीतर पैसे देऊन जनावरंच कमी करा. यातला कुठला बरा असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, गाय खाते कुठे, गोठ्यात का कुरणात? अर्धा निर्णय तिथेच होतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मिथेन म्हणजे गाईचं पादणं असं लोक हसत हसत सांगतात, पण तो मुख्यतः तोंडातून येतो, ढेकरातून. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात चारा आंबतो, हायड्रोजन सुटतो आणि तिथले सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात. १०० वर्षांच्या हिशोबात हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो पण हवेत टिकतो जेमतेम १२ वर्षं, त्यामुळे आज कमी केला तर फरक लवकर दिसतो.

आता कर. डेन्मार्कने २०२४ मध्ये ठरवलं की २०३० पासून जनावरांच्या उत्सर्जनावर (कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात मोजून) टनामागे ३०० क्रोनर, म्हणजे तिथलं चलन, २०३५ ला ७५०. आकडा ऐकून धडकी भरते, पण त्यात ६० टक्के सूट आहे म्हणजे प्रत्यक्षात १२० आणि मग ३००, आणि सुरुवातीच्या दोन वर्षांचा पैसा परत शेतीतच घालायचा. शेतकरी संघटना, पर्यावरणवाले, सरकार सगळे एका टेबलावर बसून हे ठरलं, खरी कमाल ती आहे. न्यूझीलंडने असाच कर २००३ मध्ये लावायचा घाट घातला तेव्हा एक खासदार चक्क ट्रॅक्टर घेऊन संसदेच्या पायऱ्या चढला, आणि कर बारगळला. २०२२ मध्ये परत प्रस्ताव आला, सरकार बदललं, २०२५ मध्ये मिथेनवर कर नाहीच असं जाहीर झालं. देशाचं जवळपास निम्मं उत्सर्जन शेतीचं असूनही! माझ्या मते कारण फक्त राजकारण नाही. तिथल्या गायी बहुतेक वर्षभर कुरणात चरतात, मग कर भरायचा नसेल तर शेतकऱ्याने करायचं काय, गायी कमी करण्याशिवाय फारसं काही हातात नाही. पर्याय नसलेला कर हा नुसता दंड वाटतो.

खुराकाचं गणित इथेच कळतं. ३-एनओपी नावाचा पदार्थ आहे, युरोपियन युनियनने २०२२ मध्ये दुधाळ गायींसाठी मंजूर केला, गाईला दिवसाला चिमूटभर लागतो, मिथेन बनवण्याची शेवटची पायरी तो अडवतो आणि घट साधारण ३० टक्के येते. पण काही तासांत पोटातच त्याचं विघटन होतं, म्हणून प्रत्येक घासात मिसळलेला हवा. गोठ्यात मिक्सर फिरवून खुराक देता तिथे सोपं आहे, कुरणात गाईच्या मागे डबा घेऊन कोण धावणार? शिवाय यातून दूध वाढेल याची खात्री नाही, मग खर्च शेतकऱ्याने का करायचा, म्हणजे सबसिडी नाहीतर सक्ती आलीच. आणि सक्तीत गायी आजारी पडल्याची तक्रार आली की सगळ्या योजनेवरचाच विश्वास उडतो.

शेणाचा गॅस राजकारण्यांना सगळ्यात आवडतो कारण कोणाला काही सोडावं लागत नाही. कॅलिफोर्नियाने २०१६ च्या कायद्यात मिथेन २०३० पर्यंत २०१३ च्या पातळीपेक्षा ४० टक्क्यांनी खाली आणायचं ठरवलं आणि डेअऱ्यांना शेणाच्या टाक्या झाकून गॅस विकायला पैसे दिले. मिथेन पकडला जातो हे खरं, पण ढेकराला हात लागत नाही आणि फायदा मोठ्या डेअरीलाच, छोट्याला टाकी परवडत नाही.

राहिलं पैसे देऊन जनावरं कमी करणं. नेदरलँड्सने २०२३ मध्ये स्वेच्छेने गोठे बंद करणाऱ्यांसाठी सुमारे १.४७ अब्ज युरोची योजना आणली, मूळ रोख नायट्रोजनवर पण जनावरं गेली की मिथेनही जातो. घट पक्की, मात्र महाग, आणि मागणी तीच राहिली तर दूध दुसऱ्या देशात तयार होणार.

तर मला निवडायला सांगितलं तर, बंदिस्त गोठे जास्त असतील तिथे खुराक आधी आणि सवलतीचा कर नंतर, हाच क्रम. ओल्या शेणाच्या मोठ्या टाक्या असतील तर गॅस पकडा पण अनुदानाला जनावरांच्या संख्येची मर्यादा घाला. कुरणवाल्या देशात कर थांबवून कमी मिथेनवाल्या जातींच्या पैदाशीवर पैसा लावा, न्यूझीलंडमध्ये अशा मेंढ्या तयार झाल्या आहेत, काम हळू होतं पण तो गुण पुढच्या पिढीत उतरतो आणि रोज काही खायला घालावं लागत नाही.