रेल्वेचं दिव्यांग कार्ड, आठ महिने वापरून

तिकिटात सवलत देणारं रेल्वेचं दिव्यांग कार्ड हातात येऊन आठ महिने झाले, मुंबईच्या चार फेऱ्याही झाल्या, आता लिहायला हरकत नाही. मला लहानपणचा पोलिओ, डाव्या पायात कॅलिपर म्हणजे आधाराचा पट्ट्यांचा सांगाडा, आणि एक कुबडी. राहतो गोव्यात डिचोलीला. कॅलिपरसाठी हाजी अलीच्या सरकारी संस्थेत जावं लागतं म्हणून हा सगळा खटाटोप.

यूडीआयडी, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, आहे म्हणजे रेल्वेचं काम झालंच असं मी धरून बसलेलो. पण रेल्वेचा फॉर्म वेगळा, त्यावर सरकारी डॉक्टरने लिहून द्यावं लागतं की हा माणूस सोबत कोणी असल्याशिवाय प्रवास करू शकत नाही. आमच्यासारख्या हातापायाने अधू असलेल्यांना सवलत मिळते ती ह्या वाक्यावर, नुसतं ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही. मी डॉक्टरांना कौतुकाने सांगतोय मी एकटा स्कूटर चालवतो, साईडव्हीलची आहे, आणि बायको मागून चिमटे काढतेय गप्प बसा म्हणून. तिचं बरोबरच होतं म्हणा, डब्यात चढताना तिचा खांदा लागतोच.

अर्ज ऑनलाईन केला तर रिजेक्ट, का तर शिक्का वाचता येत नाही. परत हॉस्पिटल, डॉक्टर रजेवर, तिसऱ्या खेपेला त्यांनी शिक्का पॅडवर चारदा आपटला आणि मग मारला. तिथून हलायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून बघा, डॉक्टरांचं नाव वाचता आलं पाहिजे.

पैशाचं म्हणाल तर तक्रार नाही. स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सवलत, टू एसीला ५० टक्के, सोबतच्यालाही तेवढीच. पण ही मूळ भाड्यावर, रिझर्व्हेशन आणि सुपरफास्टचा चार्ज पूर्ण लागतो. मूकबधिरांना स्लीपरला ५० टक्के. बुकिंग करताना दिव्यांग कोटा निवडायचा आणि ओरिजनल कार्ड जवळ ठेवायचं, टीसी बघतो.

खरी गंमत चढताना. आम्ही चढतो त्या स्टेशनावर गाडी जेमतेम थांबते, पायरी उंच, एका हातात कुबडी, दुसऱ्या हाताने ओला दांडा धरायचा, बायकोच्या खांद्यावर बॅग आणि मीपण. एकदा तिकीट कन्फर्म झालं नाही म्हणून दिव्यांगांच्या राखीव डब्याकडे गेलो, तो गाडीच्या पार टोकाला, तिथपर्यंत प्लॅटफॉर्मवर छप्पर नाही, जुलैचा पाऊस. दार आतून लावलेलं. ठोकलं तर चांगली धडधाकट माणसं फणसाच्या पोत्यावर बसलेली, म्हणे जागा नाही. एकाने माझ्या पायाकडे बघितलं आणि मग पोतं सरकवलं. बाकी त्या डब्याचं दार रुंद आहे आणि संडास मोठा, धरायला दांडे आहेत, तेवढं मात्र आवडलं.

ह्याउलट आमची फेरीबोट बघा. बहीण दिवाडी बेटावर असते, ओल्ड गोव्याहून जातो. माणसाला तिकीट नाही, स्कूटरला नाही, कार्ड कोणी विचारत नाही. ओहोटीला रॅम्प फार तिरका होतो तेवढाच त्रास, तेव्हा खलाशी हात वर करून "मातशें राव", जरा थांब, म्हणतो, बोट नीट टेकली की स्कूटर थेट आत. उतरावं लागत नाही, कुबडी स्कूटरलाच बांधलेली.

मुंबईची पुढची फेरी चवथीनंतर, म्हणजे गणपती झाले की. ह्यावेळी थर्ड एसी करायचा विचार आहे, त्या संडासात धरायला काही असतं का, गेलेल्यांनी सांगा.