आखडलेला खांदा आणि नऊ महिन्यांची रेकी : वहीतल्या नोंदींसह अनुभव

गेल्या वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा रेकी, म्हणजे अंगावर तळहात टेकवून ‘शक्ती’ देण्याची जपानी उपचारपद्धती, घेतली आणि सप्टेंबरअखेरपर्यंत एकूण ३२ वेळा घेतली. उपचार सुरू करण्यापूर्वी मी इतरांचे बरेच अभिप्राय वाचले होते, पण ते बहुतेक पहिल्या दोन-तीन खेपांनंतरच लिहिलेले असल्यामुळे ‘खूप छान वाटले’ यापलीकडे त्यांतून हाती काही लागले नव्हते. म्हणून नऊ महिने थांबून, वही समोर ठेवून हे लिहीत आहे. बँकेत तीस वर्षे काढल्यामुळे जमाखर्च जुळल्याशिवाय मला चैन पडत नाही, तेव्हा आकडे थोडे जास्त येतील.

माझे वय ५७ असून मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये डावा खांदा दुखू लागला आणि दिवाळीपर्यंत अशी अवस्था झाली की पाठीमागचा हूक लावता येईना, फडताळातल्या वरच्या फळीवरचा डबा काढता येईना आणि रात्री कुशीवर वळले की कळ मस्तकात जाई. अस्थिरोगतज्ज्ञांनी ‘फ्रोझन शोल्डर’ असे निदान केले. सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आवळत जाते, चाळिशी ते साठीच्या दरम्यान आणि त्यातही स्त्रियांमध्ये हे जास्त आढळते, मधुमेहींमध्ये तर फारच, आणि बहुतेकांचा खांदा एक ते तीन वर्षांत हळूहळू आपोआप मोकळा होतो, असे त्यांनी समजावून सांगितले. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा पर्यायही त्यांनी ठेवला होता, परंतु त्याने काही दिवस रक्तातली साखर वाढते आणि माझे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे प्रमाण (एचबीए१सी) तेव्हा ८.१ टक्के होते, म्हणून मी ते लांबणीवर टाकले. फिजिओथेरपी मात्र लगेच सुरू केली. ‘आपोआप बरे होईल’ हे वाक्य त्या वेळी मला दिलासा वाटण्याऐवजी टाळाटाळ वाटली, हे कबूल करायला हवे. रात्रीतून चार वेळा उठणाऱ्या माणसाला दोन वर्षांचा हिशेब सांगून उपयोग नसतो.

रेकीचे नाव काढले ते शेजारच्या वहिनींनी. त्यांच्या ओळखीच्या एक ताई कोथरूडमध्ये स्वतःच्या घरीच एका खोलीत रेकी देतात. आधी फोनवर बोलणे झाले, त्यात ताईंनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या: एका वेळचे ८०० रुपये होतील, आणि डॉक्टरांची गोळी किंवा व्यायाम यांतले काहीही बंद करायचे नाही. दुसरी गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली, याचे मोल मला पुढे कळले.

पहिल्या दिवशी चपला, घड्याळ आणि बांगड्या काढून ठेवून मी एका उंच, अरुंद गादीच्या टेबलावर उताणी झोपले. डावा हात शरीरालगत ठेवणेही दुखत होते, तेव्हा ताईंनी कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवला. इतक्या महिन्यांत खांद्याला त्या पद्धतीने आधार देण्याचे कोणालाच सुचले नव्हते, मलासुद्धा नाही. मग त्यांनी माझ्यावरून डोक्यापासून पायापर्यंत तीनदा हात फिरवून बाजूला झटकला; मला एकदम आजीच्या मीठमोहऱ्या आठवल्या आणि हसू दाबावे लागले. यानंतर मुख्य भाग सुरू झाला: डोळे, कानशिले, डोक्याची मागची बाजू, गळा, छाती, पोट असे करत शरीरावरच्या २४ ठिकाणी प्रत्येकी तीन-तीन मिनिटे तळहात नुसते टेकवून ठेवायचे, काही ठिकाणी दोन बोटे वरच धरायचे. चोळणे नाही, दाबणे नाही. दर तीन मिनिटांनी मोबाइलवर लहानशी घंटा वाजे आणि हात पुढच्या जागी सरकत. हिशेबाने हे ७२ मिनिटांचे काम आहे, आणि सवा तास कोणी आपल्याकडून कसलीही अपेक्षा न ठेवता आपल्याजवळ उभे आहे, ही गोष्ट मला इतकी अनोळखी होती की पहिली वीस मिनिटे मी ‘यांचे पाय दुखत असतील’ याच विचारात घालवली. डोळ्यांवरचे हात चांगलेच ऊबदार लागले. पोटावर हात आले तेव्हा पोटात गुडगुडले. खांद्यावर मात्र ना ऊब, ना मुंग्या, ना आणखी काही. थोडी खाज सुटली आणि ती खाजवता येत नव्हती. त्यानंतरचे मला सांगता येत नाही, कारण शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्टीने जाग आली तेव्हा मी घोरत होते. ताई म्हणाल्या, “काकू, कोणाला रडू येतं, कोणाला काहीच होत नाही, तुम्हाला झोप हवी होती, ती लागली.” त्या रात्री मी एकदाच उठले. वहीत त्या तारखेखाली दोन रेघा मारलेल्या आहेत.

ही पद्धत आली कुठून, हे पाहण्याची मला साहजिकच उत्सुकता होती. मिकाओ उसुई हे तिचे प्रवर्तक. त्यांचा जन्म १८६५ सालचा. क्योतोजवळच्या कुरामा पर्वतावर २१ दिवस उपवास आणि ध्यान केल्यावर त्यांना ही शक्ती गवसली, अशी परंपरेची कथा आहे. १९२२ साली त्यांनी तोक्योत शिकवणे सुरू केले आणि १९२६ साली ते वारले. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी हे जपानी नौदलातले निवृत्त वैद्यकीय अधिकारी होते, आणि त्यांच्याकडून शिकलेल्या हवायो ताकाता या हवाईत जन्मलेल्या जपानी वंशाच्या बाईंनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ही विद्या हवाईत नेली. पाश्चात्त्य जगात आणि तिकडून आपल्याकडे आलेली रेकी बहुतांशी त्यांच्याच शाखेतली. ताईंनी दिलेल्या छापील पुस्तिकेत उसुई हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, दोशिशा विद्यापीठाचे प्रमुख होते आणि शिकागो विद्यापीठात शिकले होते, असे लिहिले होते. या कोणत्याच गोष्टीला त्या विद्यापीठांच्या दप्तरांत आधार सापडलेला नाही, आणि १९२७ साली शिष्यांनी तोक्योच्या साइहोजी मंदिराच्या आवारात उभारलेल्या स्मृतिशिलेवरचे चरित्र वेगळेच आहे. मी हे ताईंना दाखवले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. “पुस्तिका माझ्या गुरूंची आहे, हात माझे आहेत,” एवढेच म्हणाल्या. त्याच पुस्तिकेत ‘फक्त आजच्या दिवसापुरते रागावू नकोस, काळजी करू नकोस’ या उसुईंच्या नियमांचे मराठी भाषांतर होते. ते मात्र मी फ्रिजवर चिकटवले आणि ते अजून तिथेच आहे.

आता वहीकडे वळते. रोज सकाळी मी तीन नोंदी करत असे: आदल्या रात्री किती वेळा जाग आली, दुखणे दहापैकी किती, आणि आदल्या दिवशी रेकी झाली होती का. हात किती वर जातो हा कोन फिजिओथेरपिस्ट महिन्यातून एकदा मोजून देत. जानेवारीत दुखणे सरासरी ७ होते, मार्चअखेर ४ आणि जूनमध्ये २. हात समोरून वर नेण्याचा कोन जानेवारीत ९५ अंश, मार्चअखेरही जवळपास तेवढाच म्हणजे १०० अंश, जूनमध्ये १२५ आणि सप्टेंबरमध्ये १५५. मार्चमध्ये दुखणे निम्म्याजवळ आलेले पाहून मी सगळे श्रेय रेकीला देऊन मोकळी झाले होते, वहिनींना पेढेही नेऊन दिले होते. फिजिओथेरपिस्टांना हे आकडे दाखवले तेव्हा त्यांनी कागदावर या आजाराचे तीन टप्पे काढून दाखवले. पहिल्या टप्प्यात दुखणे आणि आखडणे दोन्ही वाढत जातात, दुसऱ्यात दुखणे ओसरते पण आखडलेपण तसेच राहते, तिसऱ्यात हालचाल परत येते. माझ्या वहीतला मार्च हा दुसऱ्या टप्प्याचा जणू छापील नमुना होता. रेकी मी दुखण्याच्या शिखरावर असताना सुरू केली, कारण माणूस त्याच वेळी नवे काही करून पाहायला तयार होतो. आणि शिखरावरून पुढे वाट उताराचीच असते. पेढे परत मागता येत नाहीत, पण वहीत मी समासात तशी टीप लिहून ठेवली आहे.

झोपेचे मात्र तसे नाही, असे मला बरेच दिवस वाटत होते. जानेवारी-फेब्रुवारीत साध्या रात्री मला सरासरी चार वेळा जाग येई आणि रेकी झालेल्या दिवसाच्या रात्री दोनदा किंवा एकदाच. हा फरक एकाच आठवड्यातल्या दिवसांमधला असल्यामुळे आजाराच्या टप्प्यांनी तो उलगडत नाही. एप्रिलच्या शेवटी मी तीन आठवडे रत्नागिरीला माहेरी गेले. तिथे रेकी नव्हती, व्यायाम चालू होते. दुपारी पडवीत चटई टाकून आडवे व्हायचे आणि ८१ वर्षांच्या आईने गप्पा मारत डोक्याला तेल चोळायचे, असा क्रम ठरून गेला होता. आंब्यांच्या पेट्यांमधून वाट काढत ती चटई घालावी लागे. वहीत त्या तीन आठवड्यांच्या रात्रींपुढे दोन, एक, दोन, एक असेच आकडे आहेत. मधुमेह्याने आंबे खाऊनही, हे आमच्या डॉक्टरांना सांगितलेले नाही.

मे अखेरीस मी ३,५०० रुपये भरून रेकीची पहिली पदवी घेतली. दोन दिवसांचा वर्ग, त्यात गुरूकडून ‘अट्यूनमेंट’ म्हणजे शक्तीशी जोडून देणे, आणि त्यानंतर २१ दिवस रोज स्वतःला रेकी देणे, असा तो अभ्यासक्रम होता. तळहातांत ऊब आणि मुंग्या जाणवतात असे सांगितले होते, आणि त्या खरोखर जाणवू लागल्या. दुसऱ्याच्या हाताजवळ आपला हात नेला की ‘ऊर्जा कळते’ असेही शिकवले होते. यावर मला १९९८ साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आठवला, तो एमिली रोझा या मुलीने नऊ वर्षांची असताना शाळेसाठी सुरू केलेला. तो रेकीचा नव्हता, ‘थेराप्युटिक टच’ नावाच्या तिकडच्या, रेकीशी मिळत्याजुळत्या पद्धतीचा होता, हे आधीच सांगते. पडद्याआडून दोन्ही तळहात पुढे केलेल्या उपचारकांनी, मुलीचा हात आपल्या कोणत्या हातावर आहे ते ओळखायचे. २१ उपचारकांनी मिळून २८० वेळा प्रयत्न केला आणि १२३ वेळा बरोबर ओळखले, म्हणजे शंभरात ४४; नाणे उडवून याहून बरे जमले असते. मी भाचीला बसवले, फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला दोन भोके पाडली, हात कुठे धरायचा ते तिने रुपयाचे नाणे उडवून ठरवायचे असे ठरले, आणि आम्ही ४० वेळा करून पाहिले. माझी बरोबर उत्तरे २१ आली. विशेष असे की चुकलेल्या वेळीही मला तळहातात ऊब अगदी स्पष्ट जाणवली होती. मग मी डाव्या पायाच्या अंगठ्याकडे दोन मिनिटे टक लावून लक्ष दिले, तर तिथेही मुंग्या आल्या. भाचीला हा दुसरा प्रयोग जास्त आवडला.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत फायब्रोमायल्जिया या सर्वांगदुखीच्या १०० रुग्णांपैकी काहींना खऱ्या रेकी मास्टरकडून आणि काहींना तसे हातवारे करणाऱ्या अप्रशिक्षित माणसांकडून उपचार दिले होते, आणि दुखण्यात फरक पडलेला आढळला नव्हता. माझ्या खांद्याच्या आकड्यांशी हे जुळते. ताईंच्या टेबलावरच्या त्या सवा तासाला मात्र मी खोटे म्हणू शकत नाही, कारण तो मला मिळालेला आहे. त्याचे कारण जपानमधून आलेली शक्ती आहे असे मानण्याची गरज मला वाटेनाशी झाली आहे, इतकेच.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांना एका बाबतीत सावध करणे आवश्यक आहे. मधल्या काळात एका परिचितांच्या आग्रहावरून मी दुसऱ्या एका ठिकाणीही जाऊन आले. तिथे माझा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून दूरस्थ उपचाराचे ११ दिवसांचे पॅकेज, सोबत दोन स्फटिक आणि ‘तीन महिन्यांत साखरेच्या गोळ्या सुटतील’ असे तोंडी आश्वासन देण्यात आले, आणि तशाच मजकुराचे पत्रक टेबलावर होते. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे, असे मी तिथल्या बाईंना विचारल्यावर त्यांनी माझी ऊर्जा नकारात्मक असल्याचे निदान केले. मी पैसे न भरता परतले. माझे साखरेचे सरासरी प्रमाण ऑगस्टमध्ये ७.२ आले, ते गोळ्या न चुकवल्याने आणि सकाळी पाऊण तास चालल्याने.

खर्चाचे म्हणाल तर रेकीचे ३२ वेळांचे २५,६०० आणि पदवीचे ३,५०० मिळून २९,१०० रुपये झाले. त्याच काळात फिजिओथेरपीचे २६ वेळांचे १३,००० झाले. खांद्यासाठी म्हणून कोणी विचारले तर मी दुसऱ्या आकड्याकडे बोट दाखवीन, आणि कप्पीचा व्यायाम कितीही कंटाळवाणा असला तरी तो रोज करायला सांगीन. झोप उडालेल्या, ताणाखाली असलेल्या आणि औषधे चालू ठेवणाऱ्या माणसाने चार-पाच वेळा रेकी घेऊन पाहण्यास माझी हरकत नाही, मात्र उपचार देणारी व्यक्ती औषधांबद्दल काय बोलते ते पहिल्या फोनवरच ऐकावे.

ऑक्टोबरपासून महिन्यातून एकदाच येईन असे मी ताईंना सांगितले आणि कारणही, आकड्यांसह, सांगितले. त्यांनी वही हातात घेऊन सगळी पाने शांतपणे चाळली, पुठ्ठ्याच्या प्रयोगाच्या पानावर थोडे थांबल्या, आणि पुढच्या वेळी भाचीला घेऊन या, मलाही बसून पाहायचे आहे, असे म्हणाल्या. पुठ्ठा अजून माळ्यावर आहे. तो काढायला आता मला स्टुलाखेरीज कोणाची मदत लागत नाही.