‘बोटानं सरकवा, माल येत राहतोय’: वेबसाइटच्या या फसवणुकीपासून सावध राहा

कोल्हापुरात चप्पल लाईन, गुजरी, राजारामपुरीतल्या दुकानदारांना वेबसाइट विकायला येणारा माणूस आधी स्वतःच्या मोबाइलवर दुसऱ्याच कुणाची तरी साइट उघडून दाखवतो. "काका, पान बदलायची भानगडच नाही. बोटानं नुसतं वर सरकवत राहायचं, माल आपोआप येत राहतोय." याला इन्फिनिट स्क्रोल म्हणतात. सोय खरी आहे आणि चांगलीही आहे, पण तिच्या नावाखाली जे गळ्यात मारलं जातं ते बऱ्याचदा भलतंच असतं.

एका चप्पल विक्रेत्याच्या बाबतीत असं झालं. कोटेशनमध्ये ‘ऑटो लोडिंग मॉड्यूल, १८,००० रुपये’ एवढीच ओळ होती. दुकानातल्या वायफायवर साइट झकास चालली आणि पैसे चुकते झाले. मग गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले, साइट उघडतच नाही म्हणून. तपासल्यावर कळलं की चारशेच्या चारशे नग पहिल्याच फटक्यात उतरत होते. पहिले १२ सोडून बाकीचे फक्त लपवून ठेवले होते आणि स्क्रोल केल्यावर त्यांच्यावरचा पडदा काढला जात होता. लपवलेला फोटोही ब्राउझर उतरवून घेतोच, त्याला लेझी लोडिंगची (म्हणजे फोटो पडद्याजवळ आल्यावरच उतरवायची) खूण लावलेली नसेल तर. एक फोटो १५० केबीचा धरला तरी ४०० फोटोंचे ६० एमबी होतात. गावाकडच्या अशक्त नेटवर्कवर ते कोण उतरवून घेणार?

पुढचा धक्का वर्षभरानं बसला. पडदा काढणारी स्क्रिप्ट, म्हणजे तो छोटा प्रोग्राम, साइट विकणाऱ्याच्या स्वतःच्या सर्व्हरवरून येत होती. ‘रिन्युअल’चे पैसे दिले नाहीत म्हणून त्यानं ती बंद केली आणि साइटवर फक्त १२ जोड उरले.

खरं काम कसं होतं ते समजून घ्या, म्हणजे खोटं लगेच ओळखता येईल. पान उघडल्यावर सर्व्हर फक्त पहिले १२ किंवा २४ नग पाठवतो. यादीच्या शेवटी एक रिकामा, न दिसणारा घटक ठेवलेला असतो. इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर नावाची ब्राउझरमधलीच सोय त्याच्यावर लक्ष ठेवते. २०१९ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत ती आहे, तिचे वेगळे पैसे लागत नाहीत. तो घटक पडद्याच्या तीनेकशे पिक्सेल जवळ आला की सर्व्हरकडे पुढच्या नगांची मागणी जाते. मागणी चालू असताना दुसरी जाऊ नये म्हणून एक खूण ठेवावी लागते. ती विसरली की एकच चप्पल दोन-तीनदा दिसते. माल संपला की ऑब्झर्व्हर बंद करायचा, नाहीतर चक्र फिरतच राहतं. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधीच लिहिलेली हवी, म्हणजे फोटो उतरताना यादी उड्या मारत नाही.

तपासणी कॉम्प्युटरवर क्रोममध्ये करा. एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, फेच/एक्सएचआर हा गाळणा निवडा, पान रिफ्रेश करा आणि हळूहळू खाली जा. यादी वाढली की तिथे मागणीची नवी ओळ उमटलीच पाहिजे. माल वाढतोय पण ओळ येत नाही, तर सगळा माल आधीच उतरलेला आहे. गाळणा काढल्यावर स्क्रोल करताना फक्त फोटोंच्याच ओळी येत असतील तर ते निव्वळ लेझी लोडिंग. वर्डप्रेस हे साइट बनवायचं मोफत सॉफ्टवेअर ते ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून स्वतःहून, फुकट करतं. त्याचे हजारो रुपये मागणं सरळसरळ लूट आहे. मग त्याच टॅबमध्ये, गाळणा न लावता, डोमेन हा रकाना पाहा (दिसत नसेल तर रकान्यांच्या मथळ्यावर राइट-क्लिक करून चालू करा). तुमच्या किंवा एखाद्या माहितीच्या सीडीएनच्या (फाइली वेगानं पोचवणाऱ्या सेवेच्या) पत्त्याऐवजी साइट विकणाऱ्याचा पत्ता दिसला, तर साइटची दोरी त्याच्या हातात आहे. त्याच टॅबमधून वेग ३जीवर आणून पुन्हा पाहा, शेवटी ऑफलाइन करून पाहा. नुसतं चक्र फिरत न राहता ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं काहीतरी यायला हवं.

आता क्रोमच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट (पानातल्या अशा करामती चालवणारी भाषा) बंद करून पान उघडा. तळाशी १, २, ३ अशा पानांच्या खऱ्या लिंक दिसल्या पाहिजेत आणि दुसरं पान थेट पत्त्यावरून उघडलं पाहिजे. ही कसोटी सर्वांत महत्त्वाची, कारण गूगलचा बॉट, म्हणजे साइट वाचत फिरणारा प्रोग्राम, माणसासारखा स्क्रोल करत बसत नाही. लिंक नसतील तर तेराव्या नगापासूनचा माल शोधात येणं अवघड. इन्फिनिट स्क्रोलच्या मागे सुटी पानं ठेवा, असं गूगलनं २०१४ मध्येच सांगितलं होतं. ‘एसईओसह’ (म्हणजे गूगलच्या शोधात नीट यावी अशी बनवलेली) म्हणून विकलेल्या साइटवर या लिंक नसतील, तर त्या कामाचे पैसे देऊ नका.

नगावर क्लिक करून मागे आल्यावर गिऱ्हाईक पुन्हा अगदी वर फेकलं जातं का, तेही बघा. आणि तळपट्टीचं काय? अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस दुकानाचा पत्ता पानाच्या तळाशी शोधतो. माल येतच राहिला की पत्ता पुढे पळतो. म्हणून ‘आणखी पाहा’ हे साधं बटण पुष्कळदा बरं. खुद्द गूगलनं २०२१ मध्ये मोबाइलच्या शोधात आणलेला सलग स्क्रोल २०२४ मध्ये काढून टाकला. चाळीसेक नगांच्या दुकानाला तर याची गरजच नाही. विकणारा ते सांगणार नाही.

वर्डप्रेसवर अजॅक्स लोड मोअरसारखं प्लगइन (साइटला जोडायचा तयार भाग) अधिकृत संग्रहात मोफत मिळतं. ते बसवून, तुमच्या थीमशी जुळवून देण्याची मजुरी घेणं योग्यच आहे. पण ‘आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर’ म्हणून विकणं लबाडी. त्याहून वाईट म्हणजे पैसे वाचवायला टाकलेलं चोरीचं, ‘नल्ड’ प्लगइन. डब्ल्यूपी-व्हीसीडी हा मालवेअर अशाच चोरीच्या थीम-प्लगइनमधून पसरला. त्यानं साइटमध्ये चोरदार उघडलं की दुकानाचं पान भलत्याच जाहिरातींकडे वळतं.

कोटेशनमध्ये ‘मॉड्यूल’ असा मोघम शब्द चालवून घेऊ नका. एका वेळी किती नग येणार, कोणतं प्लगइन, त्याचा परवाना कुणाच्या नावावर, सगळ्या फाइली आमच्याच होस्टिंगवर, सुट्या पानांच्या लिंक चालू, हे लिहून घ्या. डोमेन आणि होस्टिंग दुकानमालकाच्याच ईमेलवर हवं. निदान निम्मी रक्कम वरच्या तपासण्या झाल्यावरच द्या. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहा, महाराष्ट्रातला असेल तर तो २७ नं सुरू होतो.

फसवणूक झालीच असेल तर आधी पासवर्ड बदला, बॅकअप उतरवून घ्या आणि नेटवर्क टॅबचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. ऑनलाइन पैसे उकळले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण धंद्यासाठी घेतलेल्या सेवेवर ‘व्यावसायिक हेतू’चा आक्षेप येऊ शकतो, म्हणून ग्राहक आयोगाकडे जाण्याआधी वकिलाला कोटेशन, बिल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं दाखवा.