ब्लॅकबेरी ७२३०: मेलला पैकीच्या पैकी, सिंकला काठावर पास

टेबलाचा खालचा खण रिकामा करताना जुन्या केबलींच्या गुंत्यात ब्लॅकबेरी ७२३० सापडला. गडद निळा, हातात धरला तर तळवा भरेल एवढा रुंद, उजव्या कडेला ते दातेरी चाक. मिनी-यूएसबी केबल शोधून लावली आणि विसरून गेले. अर्ध्या तासाने पाहिलं तर पडदा उजळलेला आणि साहेब पासवर्ड मागत बसलेले. मला तो आठवेना. अंगठ्यांना मात्र आठवला.

हे बरं झालं, कारण पासवर्डच्या बाबतीत हा फोन भलताच कडक. थोड्या चुका झाल्या की तो आधी 'ब्लॅकबेरी' हा शब्द टाइप करायला लावतो. कळा खिशात आपोआप दाबल्या जात नाहीत ना, याची खात्री. दहाव्या चुकीला आतलं सगळं पुसून मोकळा होतो.

२००३ साली आलेल्या फोनचं परीक्षण आता कशाला, असं कुणी म्हणेल. मी हा चार वर्षं वापरला आणि त्याच काळात ऑफिसचा मेल सर्व्हरही माझ्याच गळ्यात होता. त्यामुळे खिशातलं टोक आणि सर्व्हर रूममधलं टोक, दोन्ही मला ठाऊक आहेत. परीक्षणं तेव्हा भरपूर आली, पण ती कीबोर्ड आणि पडद्यावर अडकली. मुख्य काम, म्हणजे मेल पोचवणं आणि फोनवरच्या नोंदी ऑफिसातल्या नोंदींशी जुळवून ठेवणं (सिंक), मागे राहिलं.

त्याआधी हातातल्या यंत्रावर मेल म्हणजे विचारपूस. यंत्र दर पंधरा मिनिटांनी सर्व्हरला विचारणार, आलंय का काही? नाही. आता? नाही. प्रत्येक वेळी रेडिओ जागा होणार, जोडणी होणार, नाव-पासवर्ड सांगितला जाणार आणि उत्तर बहुतेकदा 'नाही'. बॅटरी या 'नाही' ऐकण्यातच संपायची. विचारण्यातलं अंतर वाढवलं तर मेल शिळा, कमी केलं तर दुपारीच चार्जर शोधा.

ब्लॅकबेरीने विचारणंच बंद केलं. ऑफिसात एक एंटरप्राइझ सर्व्हर बसवायचा, आम्ही त्याला नुसतं 'बेस' म्हणायचो. तो प्रत्येकाच्या मेलबॉक्सवर नजर ठेवून असे. मेल आला की त्याचा पहिला २ केबीचा तुकडा काढायचा, दाबून लहान करायचा, ट्रिपल डीईएस या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद करायचा आणि कंपनीच्या रिलेकडे, म्हणजे मधल्या वाटपकेंद्राकडे, सोपवायचा. कंपनी म्हणजे कॅनडातल्या वॉटर्लूची रिसर्च इन मोशन. प्रत्येक फोनला आठ अक्षर-अंकांचा पिन, म्हणजे ओळखक्रमांक, असतो. तो पिन सध्या कुठल्या मोबाइल नेटवर्कवर आहे हे रिलेला माहीत असतं, तो तुकडा तिकडे ढकलतो. फोन तोवर स्वस्थ पडून. किल्ली फक्त बेसकडे आणि फोनकडे, मधल्या रिलेला लखोटा दिसतो, मजकूर नाही.

आता त्या २ केबीबद्दल, कारण माझ्या मते या फोनची खरी हुशारी तिथे आहे. लोकांना वाटायचं हा फोन फार वेगवान. जीपीआरएस या तेव्हाच्या संथ मोबाइल डेटावर चालणारा फोन कसला वेगवान! तो फक्त कंजूष होता. २ केबी म्हणजे साधारण पानभर मजकूर, आणि ऑफिसचे बहुतेक मेल तेवढ्यात आटोपतात. उरलेलं हवं असेल तर तुम्ही खाली सरकत जा, तो पुढचा तुकडा मागवतो. जोडलेली फाइल फोनवर येतच नाही. सर्व्हर ती उघडतो, आतला मजकूर काढतो आणि तुम्हाला विचारतो, अनुक्रमणिका पाठवू की सगळं? चाळीस पानी अहवालाची अनुक्रमणिका काही सेकंदांत हातात. मला त्यातलं चौथं प्रकरणच हवं असायचं, तेवढंच मागवायचे. आजच्या फोनवर तीच फाइल अख्खी उतरते आणि मी बोटांनी पानं सरकवत चौथं प्रकरण शोधते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. रंगीत, नटवलेला एचटीएमएल मेल इथे साधा मजकूर होऊन येतो, तक्ते कोसळतात, दुव्यांची लांबलचक शेपटं लोंबतात. २४० बाय १६० ठिपक्यांच्या पडद्यावर त्याहून जास्त शोभलंही नसतं म्हणा. देवनागरी मेल आला तर चौकोनांची रांग. तेव्हा आम्ही मराठी रोमन अक्षरांतच लिहायचो, म्हणून टोचलं नाही. आज टोचतं.

सर्व्हर सांभाळणारीच्या नजरेतून सर्वांत गोड गोष्ट म्हणजे पोर्ट ३१०१, म्हणजे नेटवर्कमधली एक ठरलेली वाट. बेस स्वतःहून बाहेर जोडणी करतो आणि त्याच वाटेने येणं-जाणं चालतं. बाहेरून आत यायला फायरवॉलमध्ये एकही भोक पाडावं लागत नाही. आमचे सुरक्षावाले कुठल्याही मागणीवर आधी नाही म्हणायचे आणि मग कारण शोधायचे. या मागणीवर त्यांना कारण सापडलं नाही.

फोनवरची एक खूण मात्र कुणी समजावून सांगत नसे आणि माझा अर्धा दिवस त्यात जायचा. वरच्या कोपऱ्यात 'जीपीआरएस' हे इंग्रजी शब्दचिन्ह मोठ्या लिपीत असेल तर सगळं आलबेल. तेच छोट्या लिपीत असेल तर नेटवर्क आहे, बोलता येईल, पण मेल येणार नाही. लोक म्हणायचे, "अहो मॅडम, रेंजचे दांडे तर पूर्ण आहेत!" मी विचारायचे, अक्षरं मोठी की छोटी? मग पलीकडे शांतता. रेडिओ बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे बहुधा मोठी होतात. या एका प्रश्नावर मी हुशार म्हणून ओळखली गेले.

बाकीच्या कंपन्या काय करत होत्या? मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्स्चेंज २००३ या मेल सर्व्हरबरोबर आणलेला उपाय जरा विनोदी होता. मेल आला की सर्व्हर फोनला एक गुप्त एसएमएस पाठवणार, एसएमएसने दचकून फोन जागा होणार आणि मग सिंक करणार. म्हणजे दारावरची बेल वाजवायला वेगळा माणूस. पुढे २००५ च्या अखेरीस त्यांनी डायरेक्ट पुश आणलं, ते खरोखर डोकेबाज. फोन सर्व्हरला विचारतो, काही आलं का? सर्व्हर उत्तरच देत नाही, नुसता थांबून राहतो. मेल आला की त्या क्षणी बोलतो. काही मिनिटं काहीच आलं नाही तर 'नाही' सांगतो आणि फोन लगेच तोच प्रश्न पुन्हा टाकून वाट पाहतो. मधला रिले नाही, वेगळा सर्व्हर नाही. सर्व्हरवरचा मेल वाचायच्या आयमॅप या पद्धतीतही 'आयडल' ही आज्ञा १९९७ पासून होतीच, तत्त्व तेच, जोडणी उघडी ठेवून गप्प बसायचं. पण ती जोडणी मोबाइल नेटवर्क मध्येच तोडून टाकतं आणि फोनला पत्ताच लागत नाही. हातात धरून चालणाऱ्या माणसासाठी ब्लॅकबेरीची युक्ती तेव्हा जास्त पक्की होती, आणि बॅटरी दोन-तीन दिवस पुरायची ती त्यामुळेच.

कीबोर्डवर सगळ्यांनी लिहिलंय, मी दोनच वाक्यं लिहिते. दोनदा स्पेस दाबली की पूर्णविराम, कळ दाबून धरली की मोठं अक्षर, पत्त्याच्या रकान्यात स्पेस दाबली की आधी ॲट आणि मग डॉट. हे ज्याने ठरवलं त्याने स्वतः रोज पन्नास मेल लिहिले असणार. म्यानाची गंमतही सांगायलाच हवी: त्यात एक चुंबक असतो, त्यामुळे फोनला आपण म्यानात आहोत हे कळतं, आत थरथरायचं आणि बाहेर वाजायचं असं वेगवेगळं ठरवता येतं. फोन म्हणून कानाला लावणं हा प्रकार मात्र पाटी कानाशी धरल्यासारखा. पण २००२ च्या ५८१० मध्ये तर बोलायला वेगळा हेडसेट खोचावा लागे, त्यामानाने सुधारणाच.

आता सिंक. इथे माझा सूर बदलतो.

मेल ढकलणं त्यामानाने सोपं आहे. एकदा आलेला मेल बदलत नाही. फार तर तो वाचला गेला किंवा पुसला गेला, एवढंच दुसऱ्या टोकाला कळवायचं. नाव-पत्ते आणि कॅलेंडर मात्र दोन्हीकडे बदलतात. तुम्ही फोनवर नंबर दुरुस्त केला, सहकाऱ्याने ऑफिसातून पत्ता बदलला, आता खरी नोंद कोणती? त्यासाठी प्रत्येक नोंदीला कायमची ओळख हवी आणि मागच्या वेळी दोघांचं कुठवर एकमत झालं होतं याची आठवण हवी. ती आठवण हरवली की सगळ्या नोंदी पहिल्यापासून एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. २००० च्या डिसेंबरात आलेल्या सिंकएमएल या मानकात याला नावच दिलंय, 'स्लो सिंक'. आणि ताडताना एखाद्या नावापुढे चुकून स्पेस पडलेली असली तर ती झाली दोन माणसं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ७२३० च्या आधी माझ्याकडे दुसऱ्याच एका कंपनीचं हँडहेल्ड होतं, नाव नको. ते मी ऑफिसच्या आणि घरच्या अशा दोन कम्प्युटरना जोडायचे. एका सोमवारी माझी ४१२ नावं १,२३६ झाली होती. आई तीनदा, दंतवैद्य तीनदा, आणि मी स्वतःही तीनदा. पुसायला बसले तेव्हा तिन्हींत जरा जरा वेगळी माहिती, त्यामुळे डोळे मिटून दोन उडवताही येईनात. दोन संध्याकाळी गेल्या. पुढच्याच महिन्यात त्याची बॅटरी पूर्ण उतरली आणि सगळी नावं एका फटक्यात शून्य झाली, कारण ते यंत्र सगळं रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की रिकाम्या होणाऱ्या मेमरीत, ठेवायचं. दुरुस्तीचा हा मार्ग आधी सुचला असता तर त्या संध्याकाळी वाचल्या असत्या.

या बाबतीत ७२३० भरवशाचा. नोंदी फ्लॅश मेमरीत राहतात, बॅटरी काढली तरी जात नाहीत, म्हणून तर इतक्या वर्षांनी माझी यादी शाबूत निघाली. पण जो फोन मेलसाठी केबलीचं नाव घेत नाही, तोच नाव-पत्त्यांसाठी केबल मागायचा. कॅलेंडर हवेतून जुळायचं. नावं, कामांची यादी, टिपणं मात्र यूएसबीने कम्प्युटरला जोडून डेस्कटॉप मॅनेजर या सॉफ्टवेअरमधून. २००४ च्या शेवटाकडे बेस ४.० आला तेव्हा कुठे हेही हवेतून होऊ लागलं. तोवर ज्यांना पुश मेलची, म्हणजे आपोआप ढकलल्या जाणाऱ्या मेलची, सवय लागली होती त्यांना केबल लावायची असते हेच आठवत नसे. त्यांचे मेल ताजे आणि फोन नंबर सहा महिन्यांपूर्वीचे. पाम या हँडहेल्डवाल्यांनी १९९६ च्या पहिल्या पायलटपासून हे जास्त नेटकं केलं होतं: यंत्र कम्प्युटरला जोडलेल्या क्रेडलमध्ये ठेवा, एक बटण दाबा, झालं. बटण दाबायची सवय त्या क्रेडलनेच लावली. ब्लॅकबेरीने सवयच मोडली आणि मग एका कोपऱ्यात ती पुन्हा मागितली.

वाढदिवसांचं दुखणं तर तेव्हाच्या बऱ्याच सिंक सॉफ्टवेअरमध्ये सारखंच. दिवसभराची नोंद म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र असं साठवायचं, मग माणूस दुसऱ्या टाइमझोनमध्ये गेला की वाढदिवस थोडा आज आणि थोडा उद्या. परदेशाहून आलेल्या एका वरिष्ठांनी मला विचारलं होतं, "मी नेमका कधी जन्मलो?" मी म्हटलं, दोन्ही दिवशी शुभेच्छा घ्या.

आणखी एक गुण कापायचा तो त्या रिलेसाठी. सगळ्या जगाचे मेल एकाच कंपनीच्या दारातून जाणार, हीच युक्ती आणि हेच दुखणं. ऑक्टोबर २०११ मध्ये एक मुख्य स्विच बंद पडला, राखीव व्यवस्थेने भार उचलला नाही आणि युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका, भारत, मग अमेरिका असे मेल तीन-चार दिवस अडकले. ज्यांचे मेल सर्व्हर ठणठणीत होते त्यांचेसुद्धा. डायरेक्ट पुशवाल्यांचा सर्व्हर पडला तर त्यांचाच पडायचा.

घ्यावा का? मेलसाठी नाही. कंपनीने जुन्या फोनांच्या सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद केल्या, त्यामुळे रिलेच्या जागी आता कुणी नाही. गजर, टिपणं, हिशेब चालतात. अंगठ्यांनी भराभर टिपणं लिहायची असतील तर आजही याच्याइतकं सुख कुठे नाही, पण ती बाहेर काढायला पुन्हा तीच केबल आणि डेस्कटॉप मॅनेजर चालेल असा जुना कम्प्युटर.

कुणाच्या खणात असा फोन असेलच, तर देऊन टाकण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन पुसा. आत जुने मेल, नंबर सगळं जसंच्या तसं असतं. पुसतानाही तो तोच 'ब्लॅकबेरी' शब्द टाइप करायला लावतो, म्हणजे चुकून होणार नाही. माझा अजून पुसलेला नाही. ब्रिकब्रेकर या खेळातला माझा जुना स्कोअर आधी कुठेतरी लिहून ठेवायचाय, तो कशाशीच सिंक होत नाही.